मेंदूतला दाह, सायकोसिस आणि स्कॅन: काय दिसतं, काय दिसत नाही

मिरजेच्या एखाद्या स्कॅन सेंटरमधून एक कुटुंब बाहेर पडतं. हातात एमआरआयचं भलंमोठं पाकीट आणि चेहऱ्यावर सुटकेपेक्षा गोंधळच जास्त. पोराला कधीपासून कानात आवाज येतायत, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात असं तो म्हणतो, रात्र रात्र झोपत नाही. आणि रिपोर्टवर लिहिलंय, नॉर्मल. मग घरातलं कुणी म्हणतं, नाटक करतोय. कुणी म्हणतं, डॉक्टरांना काही सापडत नाही म्हणजे बाहेरचं असणार, देवरशाकडे जाऊन येऊ.

गेल्या काही वर्षांत या गोंधळात आणखी एक भर पडली आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे मेंदूची सूज, ती नव्या पेट स्कॅनमध्ये दिसते, अशा अर्थाच्या बातम्या आणि मेसेज मोबाइलवर फिरतात. ते वाचून एखादा बाप जमीन गहाण टाकायच्या तयारीनं विचारतो, "तो स्कॅन कुठं होतो तेवढं सांगा."

तो बाप डोळ्यासमोर ठेवूनच हे लिहितो आहे. उत्तर आधीच सांगतो. एखाद्या माणसाच्या मेंदूत दाह आहे आणि त्यामुळेच त्याला सायकोसिस झाला आहे, असं छातीठोकपणे सांगणारा स्कॅन आज ना मुंबईत आहे, ना लंडनमध्ये. तरीही ज्या संशोधनातून या बातम्या आल्या ते खोटं नाही. ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

## आधी पाया

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेला धागा सुटणं. नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री वाटणं, बोलण्या-विचारांची साखळी तुटणं, ही त्याची लक्षणं. स्किझोफ्रेनिया हा अशा आजारांतला सगळ्यात ओळखीचा. शंभर माणसांच्या वस्तीत आयुष्यभरात एखाद्याला तो होऊ शकतो. म्हणजे पाच हजारांच्या गावात कितीतरी घरं झाली, आणि ती बहुतेक गप्प असतात.

आता दाह. पायाला काटा लागला की जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. शरीराची संरक्षण यंत्रणा तिथे कामाला लागलेली असते. मेंदूत अशी यंत्रणा चालवणाऱ्या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पेनचे पीओ देल रिओ-होर्तेगा यांनी १९१९ साली त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. जंतू आला, पेशी मेली, जखम झाली की त्या आकार बदलतात, रसायनं सोडतात, कचरा गिळतात. एरवीही त्या रिकाम्या बसत नाहीत. मेंदूपेशींमधले नको असलेले जोड छाटायचं काम वाढत्या वयात त्याच करतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अपघातात डोक्याला मार लागल्यावर मेंदूत पाणी भरून तो फुगतो, त्यालाही आपण मेंदूला सूज आली असंच म्हणतो. ती सूज सीटी स्कॅनमध्ये दिसते आणि जिवावर बेतते. सायकोसिसच्या बाबतीत संशोधक ज्या दाहाबद्दल बोलतात तो तसला नव्हे. तो असलाच तर फार मंद आहे, पेशींच्या पातळीवरचा. साध्या एमआरआयला तो दिसत नाही, त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट आला तर त्यात काही आश्चर्य नाही. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, रक्तस्राव, क्षयरोगाची किंवा जंतांची गाठ, जन्मजात दोष. आपल्या भागात या गोष्टी सापडतातही, म्हणून डॉक्टर तो काढायला सांगतात. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की यातलं काही नाही. पोरगा खोटं बोलतो असा तो दाखला नव्हे.

## दाहाचा संशय आला कुठून?

संशय शंभर वर्षांहून जुना आहे. एकेकाळी युरोप-अमेरिकेतली वेड्यांची रुग्णालयं ज्या रुग्णांनी भरलेली असत, त्यातल्या मोठ्या गटाला प्रत्यक्षात मेंदूपर्यंत पोचलेला सिफिलिस होता. १९१३ साली हिदेयो नोगुची यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत त्याचे जंतूच दाखवून दिले. पुढे पेनिसिलिन आलं आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. १९१८च्या फ्लूच्या साथीनंतरही काही रुग्णांना सायकोसिस झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत.

अलीकडचे पुरावे जास्त नेमके आहेत. सायकोसिसच्या रुग्णांच्या रक्तात दाहाच्या खुणा सरासरीनं थोड्या जास्त सापडतात. ब्रिस्टल भागात जन्मापासून हजारो मुलांचा पाठपुरावा चालू आहे. तिथे नवव्या वर्षी रक्तात इंटरल्युकिन-६ हे दाहाचं रसायन जास्त असलेल्या मुलांना अठराव्या वर्षी भासांसारखे अनुभव येण्याची शक्यता जास्त निघाली. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. २०१६ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की स्किझोफ्रेनियाच्या धोक्याशी जोडलेल्या जनुकांपैकी एक महत्त्वाचं जनुक, सी-४, संरक्षण यंत्रणेचंच आहे, आणि उंदरांत ते मेंदूतल्या जोडांच्या छाटणीत भाग घेतं. हा आजार बहुतेक वेळा ऐन तारुण्यात सुरू होतो. मेंदूतली छाटणी त्याच सुमारास जोरात असते. इथे मला हा धागा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आजार याच वयात का, या प्रश्नाला त्यातून पहिल्यांदा काहीतरी हाताला लागतं.

पण रक्तातल्या खुणेवरून डोक्यात काय चाललंय ते कळत नाही. दात किडला, सिगारेट ओढली, वजन वाढलं तरी त्या खुणा वर जातात. म्हणून जिवंत माणसाच्या मेंदूत थेट डोकावायची धडपड सुरू झाली.

## पेट स्कॅन डोकावतो कसा?

कॅन्सरसाठी पेट स्कॅन करून आलेलं माणूस आता बहुतेक भावकीत असतं. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, ते शरीरात ठरावीक जागी जाऊन बसतं आणि यंत्र त्याचे किरण टिपून चित्र काढतं. या औषधाला ट्रेसर म्हणतात. कॅन्सरच्या स्कॅनमध्ये ट्रेसर साखरेच्या रूपात असतो, कारण गाठ साखर जास्त खाते. दाह शोधायचा तर वेगळा ट्रेसर लागतो.

संशोधकांनी निवडलेलं लक्ष्य म्हणजे टीएसपीओ नावाचं प्रथिन. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर ते असतं. उंदरांमध्ये मायक्रोग्लिया खवळल्या की त्यांच्यात हे प्रथिन भराभर वाढतं. मग टीएसपीओला चिकटणारा ट्रेसर द्यायचा, जिथे जास्त चिकटला तिथे दाह. कल्पना सरळ होती.

यातले अनेक ट्रेसर कार्बन-११ वापरून बनवतात. हा कार्बन दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. पुण्यात बनवून गाडीनं सांगलीला आणायचा म्हटलं, चार तास धरले, तर तो बारा वेळा निम्मा झालेला असेल, म्हणजे चार हजारांतला एक भाग उरेल. म्हणजे ज्या इमारतीत स्कॅन, तिथेच किंवा शेजारी तो तयार करणारं सायक्लोट्रॉन लागतं. कॅन्सरच्या ट्रेसरमधला फ्लोरिन-१८ जवळपास दोन तासांनी निम्मा होतो, म्हणून तो गाडीनं दुसऱ्या गावी नेता येतो. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळला २००२ साली सुरू झालं. दाहाचा पेट स्कॅन जगात जिथे होतो तिथे तो संशोधनासाठी होतो. कुणी एखाद्या सेंटरकडे बोट दाखवून "इथे मेंदूची सूज बघून मिळते" असं म्हणालं, तर तिथे मिळणारा स्कॅन बहुधा साखरेचाच असेल. त्यातून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

## मग या स्कॅनमध्ये दिसलं काय?

इथून पुढे गोष्ट गुंतागुंतीची होते.

२००८ मध्ये नेदरलँड्समध्ये आजाराच्या पहिल्या काही वर्षांतल्या दहा रुग्णांची तुलना दहा निरोगी लोकांशी केली. रुग्णांच्या मेंदूत ट्रेसर जास्त चिकटलेला दिसला. पुढच्याच वर्षी तिथल्याच आणखी एका गटाला स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस भागात तो जास्त दिसला. लंडनमधल्या गटाने नवा ट्रेसर वापरून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत आणि आजार अजून पूर्ण न झालेल्या पण धोक्यात असलेल्या तरुणांत वाढ दाखवली. ते निष्कर्ष २०१६ साली छापून आले आणि जगभर गाजले. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजचं मूळ बहुतेक इथेच आहे.

नंतर स्टॉकहोमच्या संशोधकांच्या पुढाकारानं नव्या ट्रेसरचे पाच अभ्यास एकत्र केले गेले. ७५ रुग्ण आणि ७७ निरोगी माणसं. २०१८ साली निकाल आला तो अगदी उलटा: रुग्णांमध्ये टीएसपीओ सरासरीनं कमी. पुढच्या वर्षी आणखी एका एकत्रित अभ्यासानं सांगितलं, की आकडा कोणत्या पद्धतीनं काढता त्यावर उत्तर ठरतं. एका पद्धतीनं वाढ दिसते, दुसऱ्या पद्धतीनं फरकच दिसत नाही.

एकच प्रथिन मोजलं तर असं का व्हावं?

मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीवर ड्रोन उडवलाय असं धरा. त्याला चेहरे दिसत नाहीत, आवाज ऐकू येत नाही, फक्त खाकी रंग मोजता येतो. एका चौकात खाकी जास्त दिसली. तिथे भांडण जुंपलंय का? असेलही. नुसता बंदोबस्त असेल. ड्युटी बदलताना दोन तुकड्या एकत्र उभ्या असतील. आणि होमगार्डही खाकीतच असतात. टीएसपीओ हा असा खाकी रंग आहे. तो मायक्रोग्लियांत असतो, तसाच ॲस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशींत असतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतो. खाकी मोजून तिथे किती लोक आहेत याचा अंदाज येतो, ते काय करतायत ते कळत नाही. २०२३ मध्ये एका मोठ्या अभ्यासानं नेमकं हेच दाखवलं. उंदराच्या मायक्रोग्लिया खवळल्या की त्यांच्यातलं टीएसपीओ वाढतं, माणसाच्या मायक्रोग्लियांत तसं होत नाही. माणसात हा आकडा पेशींची गर्दी सांगतो, त्यांचा राग सांगत नाही. ज्या पायावर सगळी इमारत उभी होती, तो उंदराचा निघाला.

याच्या जोडीला दोन अडचणी. टीएसपीओच्या जनुकात एका जागी फरक असतो. त्यामुळे नवे ट्रेसर काही लोकांत घट्ट चिकटतात, काहींत मध्यम, तर काहींत जवळपास चिकटतच नाहीत. युरोपीय वंशाच्या लोकांत या शेवटच्या गटात साधारण दहातला एक जण येतो. रक्ताची जनुक तपासणी न करता आकडे लावले तर दाह आणि जन्मजात गुणधर्म यांची सरमिसळ होते. दुसरी अडचण सिगारेटची. धूम्रपान करणाऱ्यांत टीएसपीओचा आकडा खाली येतो, आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत धूम्रपानाचं प्रमाण खूप असतं. म्हणजे कमी दिसलेला आकडा आजाराचा की सिगारेटचा, हेही वेगळं काढावं लागतं.

## म्हणजे दाहाची गोष्टच खोटी?

नाही. मोजपट्टी चुकीची निघाली म्हणून मोजायची वस्तूच नाही, असं होत नाही. पेटशिवाय दुसरे मार्गही आहेत. एमआरआयच्याच एका खास पद्धतीत मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीवरून पेशींच्या बाहेर मोकळं पाणी किती आहे ते काढता येतं. आयुष्यात पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या रुग्णांत असं मोकळं पाणी जास्त असल्याचं २०१२ मध्ये दिसलं. दाहामुळे असं होऊ शकतं, पण इतर कारणांनीही होतं. एमआरआयच्याच यंत्रावर मेंदूतली काही रसायनंही मोजता येतात. टीएसपीओऐवजी फक्त मायक्रोग्लियांवरच असणाऱ्या प्रथिनांना चिकटणारे ट्रेसर बनवायचं काम अनेक ठिकाणी चालू आहे.

माझं मत विचाराल तर सगळ्या रुग्णांत दाह असेल असं मला वाटत नाही. थोड्यांच्यात असेल, तोही आजाराच्या ठरावीक टप्प्यावर. शंभर जणांची सरासरी काढताना या थोड्यांचा आवाज बुडून जातो. हे थोडे कोण, ते आधीच ओळखता आलं तर त्यांच्यासाठी वेगळा उपचार निघू शकेल. या संशोधनावर पैसा आणि वेळ घालवणं योग्य आहे असं मला मनापासून वाटतं ते याचसाठी.

आणि सरासरी हा शब्द इथे फार महत्त्वाचा. ज्या अभ्यासांत वाढ दिसली तिथेही अनेक रुग्णांचे आकडे निरोगी माणसांच्या आकड्यांत मिसळलेले होते. गटातला फरक खरा असला तरी तुमच्या मुलाचा एकट्याचा आकडा बघून तो कोणत्या गटातला ते सांगता येत नाही.

## दाह कमी करणारं औषध देऊन बघायला काय हरकत?

बघितलंय. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक मायक्रोग्लियांना शांत करतं असं प्राण्यांत दिसलं होतं, आणि रुग्णांवरच्या सुरुवातीच्या छोट्या प्रयोगांतून आशाही वाटली. मग ब्रिटनमध्ये नव्यानं आजार झालेल्या २०७ रुग्णांवर वर्षभराचा काटेकोर प्रयोग झाला: अर्ध्यांना मिनोसायक्लिन, अर्ध्यांना औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी, दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालू. २०१८ साली निकाल आला, फायदा नाही. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांचे निकाल कधी बरे, कधी निराशाजनक. कोणात दाह आहे हे न बघता सगळ्यांना एकच औषध दिलं, हेही यामागचं एक कारण असू शकतं.

आता सांगलीत बसून हळदीबद्दल न बोलणं शक्य नाही. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा आपल्याला अभिमान आहे, आणि हळद दाह कमी करते हे घराघरात माहीत आहे. म्हणून हळदीचं दूध, हळदीच्या गोळ्या, "मानसिक आजारावर रामबाण" असली पाकिटं. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करतं हे खरं. पण हळदीच्या पुडीत ते शंभर ग्रॅममागे जेमतेम तीन-चार ग्रॅम असतं, आणि पोटातून रक्तात फारच थोडं जातं. कर्क्युमिनच्या गोळ्यांचे काही छोटे प्रयोग स्किझोफ्रेनियात झाले आहेत, तेही चालू औषधांच्या जोडीला. औषध सोडून हळद घ्या, असं त्यातल्या एकानंही म्हटलेलं नाही. हळदीचं दूध पोराला आवडत असेल तर जरूर द्या. पण त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची गोळी बंद केली, तर आजार उलटायचा धोका मोठा आहे, आणि उलटलेला आजार दर वेळी सावरायला जास्त दिवस घेतो.

## दाह खरोखर सापडतो अशी वेळ असते का?

असते, आणि ती ओळखणं जिवाच्या मोलाचं आहे.

२००७ साली जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी एका आजाराचं वर्णन केलं. त्यात शरीर स्वतःच्याच मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांविरुद्ध, म्हणजे मेंदूपेशींवर रासायनिक निरोप झेलणाऱ्या प्रथिनांविरुद्ध, प्रतिपिंडं तयार करतं. बऱ्याचदा तरुण मुलगी असते. आठवडाभर ताप, डोकेदुखी, मग अचानक भास, संशय, आरडाओरडा. घरच्यांना वाटतं वेड लागलं, किंवा अंगात आलं. मग झटके येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, बोलणं बंद पडतं, शरीर ताठरतं, रक्तदाब आणि श्वास डळमळतो. काही मुलींत अंडाशयात गाठ सापडते. हा खराखुरा मेंदूदाह आहे. स्टिरॉइड आणि इतर प्रतिकारशक्तीवरचे उपचार वेळेत मिळाले तर दोन वर्षांत दहातले आठ जण चांगले सावरतात.

आणि इथेही एमआरआय निम्म्याहून जास्त रुग्णांत नॉर्मल येतो. निदान होतं ते पाठीतून काढलेल्या पाण्याच्या आणि रक्ताच्या तपासणीवर, ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाची, मदत होते. म्हणून काही दिवसांत झपाट्यानं सुरू झालेला सायकोसिस, त्याबरोबर ताप, झटके, बेशुद्धीसारखी गुंगी, वाकडेतिकडे चाळे, बोलणं थांबणं, यातलं काही असेल तर मोठ्या रुग्णालयात मेंदूतज्ज्ञांकडे लगेच न्यायचं. अंगारा लावून दोन अमावास्या थांबायची ही वेळ नव्हे. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला साखळदंडानं बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढले, तो २०१३ साली त्यांच्या खुनानंतर आला.

## स्कॅन नाही, तर डॉक्टर निदान करतात कशावरून?

ऐकून. हे अनेकांना पटत नाही. एवढ्या मोठ्या आजाराचं निदान गप्पा मारून? पण अर्धशिशीचं निदानही असंच होतं, डोकेदुखीचा इतिहास ऐकून. काही तपासण्या होतात, त्या दुसरं कारण वगळायला: थायरॉइड, बी-१२, साखर, सिफिलिस, एचआयव्ही, गरजेप्रमाणे एमआरआय.

त्यामुळे स्कॅनसाठी उसनवारी करण्यापेक्षा घरच्यांनी डॉक्टरांना पूर्ण हकिकत सांगणं जास्त उपयोगाचं. पहिला बदल कधी जाणवला? झोप, जेवण, अंघोळ, शाळा-कॉलेज यात काय फरक पडला? आवाज येतात का, ते काही करायला सांगतात का? जीव द्यायचं कधी बोलला का? घराण्यात कुणाला असं होतं का? ताप, मार, झटके काही झालं होतं का? आणि गांजा. अब्रूपायी घरचे हे लपवतात, पण गांजा आणि सायकोसिसचा संबंध पक्का आहे, आणि तो सांगितला तर उपचाराची दिशा बदलते. आजपर्यंत घेतलेल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या, काढे आणि पुड्यासुद्धा, सोबत न्याव्यात.

सायकोसिस उपचाराविना जितका जास्त काळ राहतो, तितकं सावरणं अवघड जातं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो आणि तिथे औषधंही मिळतात. जायला संकोच वाटत असेल किंवा आधी नुसतं विचारायचं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.